डेल्मरची कोरडी टोपी

माझ्या बोलण्यावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. आमच्या हॅकबेरी तळ्यावर एकदा असं दाट धुकं पडलं की माझी गाय त्यावर चढून पलीकडच्या मक्यात उतरली, हे मीच सांगितलेलं आहे. तिला आणायला मीही धुक्यावरूनच निघालो होतो, पण मधेच ऊन पडलं आणि मी तळ्यात. ते असो. आज सांगतोय ते कोरीनच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, आणि कोरीननं जन्मात कधी सव्वादोन पौंडाच्या माशाला अडीच म्हटलेलं नाही. रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवते ती. तिच्या घरातलं घड्याळसुद्धा तिला वचकून असतं.

कोरीन माझ्या दोस्ताची, डेल्मरची लेक. डेल्मर आणि मी जन्मभर एकाच मोटारबोटीतून बास धरले. बास म्हणजे गोड्या पाण्यातला दरोडेखोर. तोंड बादलीएवढं, स्वभाव माझ्या सासूचा. डेल्मर बोटीच्या नाकावर उभा राहून गळ टाकायचा आणि मी मागे बसून थापा मारायचो. कामाची वाटणी पक्की होती.

गेल्या हिवाळ्यात डेल्मरला अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, जीभही परत आली, जरा जास्तच आली. डावा पाय मात्र ओंडका झाला तो झालाच. डुलत्या बोटीत उभं राहणं संपलं. मग त्यानं ओसरीवरची आपली खुर्ची उचलून फिरवून घेतली. तळ्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड.

"काय बघतोस रे रस्त्यावर?" मी विचारलं.

"गाड्या."

"गेल्या का?"

"एक गेली. पोस्टाची."

मी तसाच उठून गावात गेलो.

गळ-आमिषाचं दुकान चालवणाऱ्या थर्मनपाशी मी हे बोललो. तो गांडुळांचे डबे भरत होता. मान वर न करता म्हणाला, "उभं राहता येत नाही ना? मग बसून धरू दे. माझ्या दोन कयाक पडून आहेत, एकट्यानं वल्हवायच्या त्या चिंचोळ्या होड्या, घेऊन जा. बूड पाण्याच्या पातळीला, पाय पुढे पसरलेले. पाय चालतात की नाही हे कयाक विचारत नाही."

कोरीनला पटवणं हे खरं काम होतं. ती मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. मी विषय काढल्यावर कालवणं इतक्या जोरात झालं की मी दोन पावलं मागे सरलो.

"लेमकाका, तुम्हाला माझ्या बापाला बुडवायचंय का?"

"अगं, तरंगतं ठेवणारं जाकीट घालेल तो."

"घालीनच मी," डेल्मर आतून ओरडला. "दोन घालीन. जाऊ दे मला."

तिनं पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "ठीक. टोपीची परीक्षा."

आमच्या तळ्यावर लहान होडी शिकणाऱ्याला ही एकच परीक्षा असते. पहिल्या दिवशी डोक्यावरची टोपी कोरडी परत आणायची. ओली आली तर तो माणूस काठावरचा.

"टोपी ओली आली, तर कयाक परत जाईल आणि बाबा, तुम्ही पुन्हा पाण्यावर जाणार नाही. कधीच. माझ्या गळ्याची शपथ घालून विनवायचंही नाही."

डेल्मरनं तळहातावर थुंकून हात पुढे केला. कोरीननं नाक मुरडलं, पण हात मिळवला. आमच्याकडे याहून पक्का करार नसतो.

पहाटे थर्मननं आम्हाला धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात बसवलं. कयाक म्हणजे नुकतं जन्मलेलं शिंगरू. तुम्ही घाबरलात की तेही घाबरतं. "कंबर सैल सोडा, होडीला डुलू द्या," थर्मन म्हणाला. "आणि डोकं कडेच्या आत ठेवा. डोकं बाहेर गेलं की बाकीचा माणूस मागोमाग जातो."

"आणि मासा लागला तर?" मी विचारलं.

"मनगटानं ओढायचं, अंगानं नाही. डेल्मर, ऐकतोयस ना?"

"हो रे, आई," डेल्मर म्हणाला.

कोरीन फुलाफुलांच्या फितीची गवती हॅट घालून धक्क्याच्या टोकाशी उभी राहिली. हातात कॉफी होती, पण ती प्यायली नाही.

आम्ही वल्ही मारत कमळपानांत शिरलो. इथे मोटारबोट कधीच येत नसे, पंख्यात वेली अडकायच्या. इंजिन नाही, वास नाही, थरथर नाही. पाणी कोपराशी. सायप्रसची झाडं पाण्यातून वर गेलेली, फांद्यांवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या, आणि त्यांतून पहिलं ऊन गाळून खाली येत होतं. एक बगळा हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि आम्हालाही झाडच समजून पुन्हा पाण्यात बघू लागला. पानांखालून लहान मासे जाताना पानं थरथरत. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. जन्मभर आम्ही या तळ्याच्या डोक्यावरून घरघर करत गेलो होतो. आज पहिल्यांदा त्याच्या मांडीवर बसलो.

"लेम," डेल्मर कुजबुजला, "हे सगळं आधीपासून इथे होतं?"

मी थाप मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानं गळाला लावलेला रबरी बेडूक फेकला. बेडूक एका पानावर पडला, तिथून टुणकन पाण्यात उतरला, दोनदा हलला. आणि तळं फुटलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पाण्यात खड्डा पडला, बेडूक त्यात गेला, आणि आवाज असा झाला की चर्चचं दार कोणीतरी लाथेनं उघडलं असावं. डेल्मरला थर्मन आठवला नाही. त्याला जन्मभराची सवय आठवली. उभं राहणाऱ्या माणसासारखा सगळ्या अंगानं त्यानं उजवीकडे मागे झटका दिला.

कयाक आडवी झाली. कड पाण्याखाली गेली. धक्क्यावरून "बाबा!" अशी किंकाळी आली. डेल्मरचं डोकं बाहेर, खांदा बाहेर, उजवा पायही निघालेला. डावा मात्र जागचा हलला नाही. ओंडक्यासारखा होडीच्या तळाशी पडून राहिला, बाकीच्यांबरोबर जायला साफ नकार देऊन. होडी क्षणभर विचारात पडली आणि त्या पायाच्या बाजूला परत बसली.

"मेल्या," डेल्मर आपल्या पायाला म्हणाला, "आहेस होय अजून?"

मग माशानं त्याला ओढायला सुरुवात केली. गळाची काठी इंद्रधनुष्यासारखी वाकलेली, आणि होडी, माणूस, दोन जाकिटं, सगळं कमळपानांतून वाट फाडत निघालं. सायप्रसच्या बुंध्याला वळसा घालून, बगळ्याच्या नाकासमोरून. मी मागोमाग वल्हं मारत ओरडत होतो, "डोकं आत! डेल्मर, डोकं आत!" तो काही ऐकत नव्हता. तो हसत होता. हिवाळ्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं.

माशानं त्याला फिरवून थेट धक्क्यासमोर आणलं, आणि तिथे मासा पाण्याबाहेर आला.

अख्खा. शेपटीसकट. हिरवं-काळं अंग, कुशीवर काजळाचा पट्टा, पोट सकाळच्या दुधासारखं. जबडा इतका उघडा की त्यातून मला पलीकडच्या काठावरचं झाड दिसलं. तो हवेत थांबला. मासे थांबत नाहीत हे मला माहीत आहे, हा थांबला. त्याच्या डोळ्यात सोनं होतं. त्यानं डेल्मरकडे पाहिलं, डेल्मरनं त्याच्याकडे, आणि मी माझ्या होडीत उभा राहिलो. असं काही बसून बघणं मला उद्धटपणाचं वाटलं. उभा राहिलो आणि अर्थातच उलटलो, पण पडता पडताही मान त्याच्याकडेच होती.

मासा पडला तेव्हा उठलेलं पाणी सरळ डेल्मरच्या डोक्यावर आलं. बेडूक सुटून त्याच्या मांडीत पडला. वर्तुळं पसरत पसरत काठापर्यंत गेली. एक पक्षीसुद्धा बोलला नाही.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. डेल्मर सुलट्या होडीत, ताठ बसलेला. टोपीच्या कडेवरून पाणी टपकत होतं.

कोरीन बुटांसकट पाण्यात उतरली आणि तिनं होडीचं नाक धरलं.

"पोरी, कयाक उलटली तर नाही," मी म्हणालो. "आणि टोपी फक्त वरून..."

"काका, गप्प बसा."

डेल्मरनं टोपी काढून तिच्यापुढे धरली. "शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "पण बघितलंस ना तू? एवढं सांग. बघितलंस?"

कोरीननं टोपी घेतली. ती अजून त्या वर्तुळांकडेच बघत होती. ती लहान असताना डेल्मर तिला पहिल्यांदा तळ्यावर घेऊन आला होता, तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवला. हाच होता.

तिनं ओली टोपी पिळली आणि स्वतःच्या खिशात कोंबली. मग डोक्यावरची गवती हॅट काढून बापाच्या डोक्यावर ठेवली, हनुवटीखाली नाडी बांधली, वरून तळहात फिरवला.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

मी आकाशाकडे पाहिलं. वीज पडली नाही.

दुपारी थर्मनच्या दुकानात मी सगळं सांगितलं. लोक आपापल्या कॉफीत हसले. डेल्मर कोपऱ्यात ती फुलाफुलांच्या फितीची हॅट घालूनच बसला होता. काढायला तयार नव्हता.

"बरं, लेम," थर्मन म्हणाला, "किती मोठा होता म्हणे?"

मी हात पसरले. जमेल तितके पसरले. सगळे हसले आणि नेहमीप्रमाणे खरं काय ते ऐकायला कोरीनकडे वळले.

कोरीननं माझ्या दोन हातांमधलं अंतर नीट पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "काकांचे हात जरा आखूड आहेत."