फणसाच्या फळीवरची तीन अक्षरं

वडिवूला एक स्वप्न अधूनमधून पडायचं, आणि पडलं की दिवसभर अंगावर राहायचं. अंगणात फणसाचे ओंडके रांगेने उभे असतात. ऊन मऊ असतं, हवेत भुसा तरंगत असतो. एकेक ओंडका चुलीकडे सरकतो आणि आत शिरण्याआधी वळून तिच्याकडे बघतो. ओरडत कुणी नाही. तिच्या स्वप्नात ओरडायचं कुणी कधीच नाही, कारण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. रांगेत आपला नंबर कितवा, हे ती मोजायला लागायची आणि तेवढ्यात तिला जाग यायची.

जागेपणी तेच अंगण, तोच भुसा. तंजावरच्या त्या गल्लीत वीणा घडवणारी जी काही घरं उरली होती, त्यांत तिच्या अप्पांचं, नागलिंगम आसारींचं, घर जुनं. वीणेच्या टोकाला याळीचं तोंड असतं, सिंहासारखं, डोळे वटारलेलं. गेली दहा वर्षं ती तोंडं वडिवूच कोरत होती. बाकी तोंड कसंही जमो, याळीचे कान ती फार निगुतीने कोरायची. सकाळच्या तिरप्या उन्हात पटाशीखालून लाकडाची पिवळी वळी सुटत राहायची, आणि सत्ताविसाव्या वर्षीही तिला त्यात गुंगून जायला आवडायचं.

लाकूड पारखायचं काम मात्र अप्पांचं. ते बोटं दुमडून ओंडक्यावर टकटक वाजवत, कान लावत, डोळे मिटत. ‘गातंय’ म्हणाले की ओंडका आत, खिडकीखालच्या ढिगात. ‘बहिरं’ म्हणाले की त्यांचा हाताखालचा कारागीर माणिक्कम कोळशाने त्यावर तीच तीन अक्षरं ओढायचा आणि ओंडका परसात चुलीशी ढकलून द्यायचा. हा शब्द कारखान्यात तेवढ्यापुरताच राहिला नव्हता. बोथट पटाशी बहिरी, न चिकटणारी लाख बहिरी, पावसाळ्यात फुगून बसलेलं दारसुद्धा बहिरं. माणिक्कम पहिल्या हाकेला आला नाही, तर अप्पा त्याला विचारायचे, “ठार बहिरा झालास का रे?” आणि तो हसत यायचा.

वडिवू ओठ वाचायची. बाकीचे शब्द तिला अर्धेमुर्धे कळत, हा एक मात्र दारातून, पाठमोऱ्या माणसाच्या नुसत्या गालावरूनही कळायचा. कळला की ती मान खाली घालायची. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मनात काही असतं, तर भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेसाठी कारखान्याला चुना लावायला काढला आणि अप्पांनी माळ्यावरून कापडात गुंडाळलेली फळी खाली काढली. हातभर लांब, फणसाची, जुनी. वरच्या ओळीत कोळशाने ओढलेली ती ठसठशीत तीन अक्षरं, ‘बहिरं’, आणि खाली तीच तीन अक्षरं, वाकडी, पोराच्या हाताची. कोळसा पुसू नये म्हणून अप्पांनी वर लाखेचा हात फिरवला होता. ती फळी पाहून वडिवू दोन पावलं मागे सरली.

गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. वडिवू सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेने तिला घेतलं नाही. दसऱ्याला पोरांची बोटं तांदळात धरून अक्षरं गिरवून घेतात. अप्पांनी तिच्या हातात कोळसा दिला आणि समोर जी फळी पडली होती तिच्यावरच गिरवून घेतलं. फळी नेमकी चुलीकडे निघालेली होती. गिऱ्हाईक आलं की अप्पा ही गोष्ट सांगत, आणि शेवटी हमखास म्हणत, “पोरीची नजर तेव्हापासूनच कारागिराची. त्या वर्षी रोज आपली चटई उचलायची आणि खिडकीखालच्या गाणाऱ्या लाकडांच्या ढिगावर जाऊन झोपायची. चांगलं लाकूड तिला वासावरून कळायचं.”

ती फळी आता देवांच्या तसबिरींशेजारी ठोकायची होती. कारखाना इथून पुढे वडिवूच्या नावाने चालवायचा, असं अप्पांनी ठरवलं होतं. माणिक्कमने चुना लावता लावता मान डोलावली. वडिवूला अप्पांनी हातवारे करून सांगितलं: तू, हे सगळं, तुझं. त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाला नाही कसं म्हणायचं? तीन दिवस ती घास चिवडत राहिली. कारखाना तिला हवा होता, जिवापाड हवा होता. पण त्या फळीखाली बसून आयुष्यभर याळी कोरायचं, या विचारात एका याळीचा कान तिने पहिल्यांदाच बिघडवला.

पूजेच्या दिवशी रंधे, पटाश्या, कानशी, करवती धुऊन केळीच्या पानावर मांडल्या. चंदन-कुंकू लागलं, चुरमुरे-डाळवं, गूळ, केळी ठेवली. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. फळी भिंतीवर लागली होती, तिलाही कुंकवाचं बोट होतं. वीणा शिकवणाऱ्या अलमेलू मामी प्रसादाला आल्या आणि फळीकडे बघून त्यांनी विचारलं, हे काय. झालं, अप्पांनी गोष्ट सुरू केली.

वडिवू त्यांचे ओठ बघत उभी होती. शाळा झाली, कोळसा झाला, ती तीन अक्षरं झाली. मामी कौतुकाने हसल्या. अप्पा चटईपाशी पोचले आणि वडिवू वळून घरात गेली. परत आली ती चटई घेऊन.

भरल्या पूजेत, नव्या रेशमी साडीत, तिने खिडकीखालच्या ढिगावर चटई पसरली आणि पाय पोटाशी घेऊन त्यावर आडवी झाली, सहा वर्षांची असल्यासारखी. अप्पा टाळी वाजवून हसले. मामींना म्हणाले, “बघा, अजून आठवतंय पोरीला.”

मग ती उठली. कनवटीतून एक पिवळा कागद काढला. तिच्या लहानपणीचा दाखला, ऐकू येत नसल्याचा. वर चिकटवलेला तिचा फोटो, दोन वेण्या, मोठे डोळे. फोटोच्या खाली तीच तीन अक्षरं. तिने फोटोखाली बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. मग ओंडका ढकलतात तसे दोन्ही हात करून परसातल्या चुलीकडे दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आणि पुन्हा त्या ढिगावर जाऊन अंग चोरून बसली, कारण चुलीत जात नाही असा घरात तो एकच ढीग होता.

अप्पा हळूच खाली बसले आणि त्यांनी बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं. वर्षं मोजत असावेत. माणिक्कमची बायको चेल्लम्मा परसाच्या दारात उभी होती. वडिवू चुलीपाशी फिरकत नाही म्हणून तिला लाडावलेली म्हणणारी ती, पदराने तोंड झाकून आत गेली.

अप्पांचा हात रंध्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. आज हत्यार उचलता येत नव्हतं. त्यांनी नुसत्या हातांनी फळी उपसली, खिळ्यासकट, आणि पालथी घालून मांडीवर धरून बसले. मामी प्रसाद न घेताच निघत होत्या, वडिवूनेच त्यांच्या ओंजळीत चुरमुरे घातले.

दसऱ्याच्या सकाळी वर्षातलं पहिलं हत्यार सगळ्यांत चांगल्या लाकडाला लावायचं, ही त्या घराची रीत. माणिक्कमने गाणारा ओंडका पुसून ठेवला होता. अप्पांनी कुंकू लावलेला रंधा उचलला आणि फळी मागितली. माणिक्कम म्हणाला, “अण्णा, वर्षाचा पहिला हात त्या बहि...” आणि त्याने जीभ चावली. चोरट्या नजरेने वडिवूकडे बघितलं. तिला कळलं होतं, पण तो शब्द अर्ध्यावर तोडलेला तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

रंधा फिरला. लाख निघाली, कोळसा निघाला, सहा वर्षांच्या पोरीची वाकडी अक्षरं वळ्यांमधून गुंडाळत खाली पडली. अप्पा रडत होते आणि रंधा सरळ चालत होता. फळी कोरी झाली तशी त्यांनी ती वडिवूसमोर धरली, कोळसा तिच्या हातात दिला आणि बोटं दुमडून फळीवर टकटक करून भुवया उंचावल्या. मग याला म्हणायचं तरी काय?

वडिवूने फळी मांडीवर घेतली. शब्द तिच्याकडे कधीचा तयार होता. तिने सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं: सरपण.

अप्पांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. “सरपणच आहे की,” ते माणिक्कमला म्हणाले. “चाळीस वर्षं मला कसं सुचलं नाही?”

वडिवूने फळी काखेत मारली आणि परसात गेली. चेल्लम्मा आधण ठेवायच्या तयारीत होती, तिला तिने बाजूला सारलं. काडी ओढली. फणस जुना होता, पटकन पेटला. आच तोंडावर येईपर्यंत ती चुलीच्या अगदी जवळ बसली आणि मग तिने पातेल्यात कॉफीसाठी पाणी ओतलं.