कोपऱ्यातलं नाव

"काका, एखादं गाव सांगा. आत्ताच काढून दाखवते," सुकन्या म्हणाली.

"जवळा बाजार," शेषराव नाइलाजानं म्हणाले.

सुकन्यानं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. ना चित्र, ना बटण, माऊसला तर तिनं हातही लावला नाही. एन्टर दाबलं आणि प्रिंटरमधून विहिरीच्या पाणीपातळीचा वर्षभराचा आलेख बाहेर आला. शेषरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

औंढ्याकडच्या गावांतल्या विहिरी मोजणाऱ्या त्या छोट्या संस्थेत आलेख काढायचे ते शेषरावांनीच. आलेखकागद, शाईचं पेन, आणि उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव, ही तिथली रीत. अहवाल छापून आला की शेषराव आधी कोपरा बघत. जगात त्यांचं नाव छापलेली तेवढीच जागा होती. आणि आता ही कालची पोरगी साऱ्या गावांचे आलेख चहा निवायच्या आत काढणार होती!

त्यांनी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ धरला आणि जिवाला एकदम थंडावा वाटला. रेघ उलटी होती. संस्थेच्या आलेखात शून्य वर असतं, कारण शून्य म्हणजे जमीन. पाणी खोल गेलं की रेघ खाली उतरते. हिनं शून्य खाली ठेवलेलं, त्यामुळे भर मे महिन्यात विहीर काठोकाठ भरलेली दिसत होती.

"छान हाय," शेषराव म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी चहात साखर जास्त घेतली.

घरी जेवताना त्यांनी पद्माबाईला सांगितलं, "उद्या साहेबापुढं पोरीचं हसं होनार."

"मंग आजच सांगा न्हं तिला फोन करून."

"मी काहून सांगू? हुशार हाय न् ती!"

पद्माबाईनं भाकरी वाढली, पण नवऱ्याकडं पाहिलं नाही.

सकाळी शेषराव मुद्दाम लवकर आले, तमाशा पहिल्यापासून बघायला. सुकन्या त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

"काका, घोटाळाच झाला होता! तुमचे जुने अहवाल काढून बघितले, तर रेघ खाली चाललेली. मग त्या टाइपच्या ओळीत एक शब्द घातला आन् सगळी गावं सरळ झाली." तिनं नवे कागद पुढं केले. "काल तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

"चष्मा घरी राह्यला होता," शेषराव म्हणाले.

काल त्यांनी तिच्यासमोरच चष्मा पुसला होता. तिलाही ते आठवलं असावं, पण तिनं नुसती मान हलवून कागद नीट लावले. त्यानं शेषराव जास्तच जळले. त्यांनी रात्रभर जपलेली चूक तिनं एका शब्दात मिटवली होती, आणि वर मोठेपणाही तिच्याच पदरात.

संस्थेचे प्रमुख धनसिंग साहेबांनी आलेख चाळले. "झकास! पण कोपरा रिकामा काहून? ज्यानं काढलं त्याचं नाव टाका."

"काकांचंच टाकू साहेब," सुकन्या पटकन म्हणाली. "त्यांचंच बघून सुधरलं मी."

शेषरावांना तिचा असा राग कधी आला नव्हता. दान म्हणून मिळालेलं नाव! तेही हिच्याकडून!

"मी काढलेले न्हाईत ते," ते म्हणाले. "दे ते कागद हिकडं."

टेबलाशी बसून त्यांनी शाईचं पेन काढलं आणि टोक कापडानं पुसलं.

"आडनाव काय तुजं?"

इतके महिने शेजारी बसूनही त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

"घुगे."

शेषरावांनी श्वास रोखून पहिलं अक्षर काढलं. स्वतःचं नाव त्यांनी इतकं देखणं कधी लिहिलं नव्हतं. अहवाल उघडणाऱ्याची नजर आधी त्या कोपऱ्यावर जाईल आणि मगच रेघेवर, असं ते अक्षर वळणदार उतरलं. त्यांनी शाईवर हळूच फुंकर घातली.

"दुसरा दे," ते म्हणाले.