तळ्यातला नळ

माणूस पाण्याच्या तळाशी उतरतो तो ज्ञानाच्या तहानेने; बुडालेली नगरं त्याला युगानुयुगं साद घालत आली आहेत. आमच्या भावोजींना साद घातली ती स्वयंपाकघरातल्या नळाने.

झालं असं, की धरण बांधलं आणि ताई-भावोजींचं गाव तलावाखाली गेलं. गाव सोडताना घरातून शेवटी बाहेर पडले ते भावोजी. ट्रक सुरू झाल्यावर ताईने विचारलं, "नळ बंद केलात ना?" भावोजी "हो" म्हणाले, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबले. त्या एका क्षणावर ताईने पुढचा सगळा संसार रेटला. गाव धरणामुळे बुडालं असं सरकार म्हणतं. ताईने याबाबतीत स्वतःचं मत राखून ठेवलं आहे.

तेव्हापासून नव्या घराची किल्ली तिच्या कमरेला. कुठे निघायचं झालं की भावोजींना आधी जिन्यात उभं करायचं, मग ती सगळं तपासून कुलूप लावणार. बँकेची तिजोरी सांभाळून माणूस निवृत्त झाला, पण स्वतःच्या दाराला कुलूप लावायचं त्याच्या नशिबी आलं नाही.

म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावर भावोजी पाण्याखाली उतरायला शिकले. "एकदा बघून येतो आणि विषय संपवतो," म्हणाले. पाण्याखाली एकट्याला सोडत नाहीत, जोडीदार लागतो. मला धरलं. माझा गुन्हा एवढाच, की मी ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे दोन्ही पक्षांना चालणारा साक्षीदार.

शिकवणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. होडीत तिने पुन्हा एकदा खुणा घोकून घेतल्या. "सगळं ठीक असेल तर बोटांचा गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. काका, राहील ना लक्षात?"

"अगं, तिजोरी सांभाळली आहे मी."

"कॅमेरा देऊ?"

"माझा शब्द पुरेसा आहे."

होडीच्या टोकाला बसलेली ताई मला म्हणाली, "तू नीट बघून ये. यांचं मला काही सांगू नकोस."

खाली पाणी जुन्या बाटलीच्या काचेसारखं हिरवं होतं. छपरं गेली होती, भिंती उभ्या होत्या. भावोजी दोन गल्ल्या न चुकता वळले आणि आपल्या दारात पोचले. तिथे ते थांबले आणि त्यांनी पायरीवर पाय पुसले.

खरंच पुसले. पायांत बदकासारखे पंखे, चहूकडे तलाव, आणि हा गृहस्थ ताईच्या घरात शिरण्याआधी पाय पुसतोय! इतक्या वर्षांचा गाळ असा उसळला, की मला घर दिसेना, भावोजी दिसेनात. थोड्या वेळाने त्या चिखलातून फक्त एक अंगठा वर आला. विजयी, ताठ.

सोबत उतरलेल्या मास्तरणीने तो पाहिला, भावोजींचा पट्टा धरला आणि नियमाप्रमाणे त्यांना वर नेलं.

"सोड गं! मला वर यायचंच नव्हतं!" पाण्याबाहेर तोंड निघताच भावोजी ओरडले. "बंद होता नळ! बंद! म्हणून अंगठा!"

"अंगठा म्हणजे वर, काका. घोकलं होतं आपण."

"चल परत खाली."

"आज नाही. आनंदाच्या भरात सगळी हवा संपवलीत तुम्ही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू पाहिलास?"

"मी चिखल पाहिला."

"वाटलंच."

"अगं, मी हाताने चाचपला! घट्ट होता!" भावोजी म्हणाले.

"इतकी वर्षं गंजल्यावर उघडा नळसुद्धा घट्टच बसेल."

भावोजींनी डोळ्यांवरचा पाणबुड्याचा चष्मा काढला नाही. आत पाणी दिसत होतं. ते तलावाचं आहे असं मी धरून चाललो.

होडी किनाऱ्याला लागली. उतरताना ताईचा हात सवयीने कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला. ती बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

ती भावोजींजवळ गेली आणि, आयुष्यात प्रथमच असेल, हळू आवाजात म्हणाली, "अहो, शेजारच्या वहिनींना जरा फोन लावता? आपल्या दाराला कान लावून बघा म्हणावं. पाण्याचा आवाज येतोय का, तेवढंच."