दगडखाऊ आणि उलट्या पेट्या

तिला दगडखाऊ म्हणायला सुरुवात केली ती तिच्या आईनेच, आणि तीही रागारागाने. आई दातांची डॉक्टर. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. पुढे खुर्चीत गावभरचे लोक आ वासून बसलेले असायचे आणि मागच्या दारात डॉक्टरांची सख्खी लेक खडे चावत बसलेली असायची! पेशंटसमोर याहून मोठी नाचक्की कोणती?

"दुधाचे आहेत म्हणून काय झालं? त्यांच्या मागे दुसरे रांगेत उभे आहेत ना!" आई ओरडायची.

"हा खडा कचकच करतो," दगडखाऊ शांतपणे सांगायची. "आणि हा बघ, अजिबात नाही करत. बिस्किटासारखा विरघळतो."

आई कपाळाला हात लावायची. बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. पेशंटने चूळ भरायचा ग्लास पळवून त्यात माती कालवायची आणि तासन् तास बघत बसायचं. जाड वाळू झपकन तळाला जायची, बारीक गाळ आरामात तिच्यावर येऊन बसायचा. दर वेळी हेच. तरी दर वेळी ती असं बघायची, की जणू आज काहीतरी वेगळं घडणार आहे.

या घरात खोटं बोलायची मात्र सोय नव्हती. कुणाच्या पेन्सिलीचं टोक कुणी कुरतडलं, याचा निकाल आई नुसत्या खुणा बघून द्यायची. "हा पुढचा तिरका दात तुझा. उगाच दादावर ढकलू नकोस."

पुढे दगडखाऊ मोठी झाली, पण खोड काही गेली नाही. उलट त्या खोडीची पदवी मिळाली! कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच सहलीला सरांनी एक दगड उचलला, कडेने कुरतडला आणि म्हणाले, "डोळ्यांना जे कळत नाही ते दाताला कळतं. कचकचला तर त्यात बारीक वाळू आहे. लोण्यासारखा लागला तर निव्वळ चिखल." बाकीची पोरं 'ई' करून मागे सरली. दगडखाऊला वाटलं, आले बाई एकदाची आपल्या माणसांत.

मग तिला तेल शोधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. जमिनीखालचे नकाशे काढायचे, त्यावर बोट ठेवून सांगायचं, "इथे खणा." आता बोट ठेवणं सोपं असतं, खणायला मात्र डोंगराएवढा खर्च येतो. तिने बोट ठेवलेली पहिली विहीर ठणठणीत कोरडी निघाली. दुसरीतून खारं पाणी निघालं. ऑफिसात लोक पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणायला लागले, "घ्या, तुमच्याच विहिरीचं." ती हसून घोट घ्यायची, पण आतून तिला मिरच्या झोंबायच्या.

म्हणून या तिसऱ्या विहिरीवर सगळं येऊन ठेपलं होतं. मोठ्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "हीसुद्धा कोरडी गेली, तर तू नकाशांच्या खोलीत. घड्या घालायच्या, कपाटात ठेवायच्या. विहिरीवर पुन्हा पाय नाही." मोठे साहेब म्हणजे कंपनीतले सगळ्यात ज्येष्ठ भूगर्भतज्ज्ञ. केस पांढरे, बूट चकचकीत आणि नाकावर माशी बसायची टाप नाही.

विहीर एका सपाट, उजाड माळावर होती. मधोमध लोखंडी मनोरा, भोवती पत्र्याच्या केबिनी, आणि जिकडे तिकडे डिझेलचा वास. ठरल्याइतकं खोल खणून झाल्यावर कामगारांनी तळाचा दगड अख्खाच्या अख्खा वर काढला. पोकळ नळी खाली सोडतात, ती दगड कापत जाते आणि आत मनगटापेक्षा जाड असा दांडा साठत जातो. तो वर आणून, तुकडे करून, पेट्यांत ओळीने मांडतात. तारेला बांधून सोडायची मोजणीची उपकरणं विहिरीत मध्येच अडकून बसत होती, त्यामुळे आता काय तो फैसला त्या दांड्यावरच होणार होता.

आणि नेमका दांडा वर आला तेव्हा दगडखाऊ सलग दोन पाळ्या उपसून केबिनमध्ये मेल्यासारखी झोपली होती. मोठे साहेब सकाळीच येऊन दाखल झाले होते. त्यांनी एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने पेट्यांवर आकडे घातले, आणि ती डोळे चोळत पेट्यांच्या शेडमध्ये येईपर्यंत निकालही लावून टाकला होता.

"ये. बघून घे आणि सही कर," ते म्हणाले. "वर थोडा तेलकट वाळूचा दगड. त्याच्याखाली नुसता चिखलाचा दगड, गच्च. म्हणजे वाळू संपली, खेळ संपला. दुपारी सिमेंट भरून विहीर बंद करायची. पेट्यांचा फोटो काढून हेड ऑफिसला कळवलंय मी."

दगडखाऊ पहिल्या पेटीपाशी उकिडवी बसली. दगडाला तेलाचा वास होता, चांगला घमघमीत. हळूहळू ती शेवटच्या पेटीपर्यंत सरकत गेली आणि चिखलाच्या दगडाचा एक कपचा तोंडात टाकला.

"शी!" साहेब म्हणाले.

जराही कचकच नाही. लोणी! तेलाला असंच तर झाकण लागतं. तेल हलकं, ते वर वर चढत जातं आणि असा घट्ट चिखल डोक्यावर आला की मुकाट्याने त्याच्याखाली साठून राहतं. मग हे झाकण पातेल्याच्या बुडाला काय करत होतं?

ती परत पहिल्या पेटीकडे गेली. आता तिने नाक दगडाला टेकवलं. वाळूचे थर होते, एकेक बोटभर. प्रत्येक थरात जाड कण वर आणि बारीक कण खाली. प्रत्येक! तिला चूळ भरायचा ग्लास आठवला. इतक्या वर्षांत त्या ग्लासाने एकदाही असला वेडेपणा केला नव्हता.

"साहेब," ती उभी राहिली. आवाज खणखणीत आला. "पेट्या उलट्या लागल्यात."

मनोरा चालवणारा ड्रिलर, ज्याला सगळे कप्तान म्हणायचे, तो चहाचा कप तोंडाशी धरून तसाच थांबला.

"काय म्हणालीस?"

"वरचं खाली आणि खालचं वर गेलंय. जाड वाळू आधी बसते ना? इथे सगळी वर आहे."

"मला वाळू कशी बसते ते शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे बघतोय!"

"तुम्हाला माहीतच आहे, साहेब. आज तुम्ही बघितलं नाहीत, एवढंच."

कप्तानाला चहाचा ठसका लागला.

साहेबांचे कान लालबुंद झाले. "आकडे मी स्वतः घातलेत. आणि कणांचं म्हणशील तर इथे पूर्वी समुद्र होता; समुद्राच्या तळाला शंभर भानगडी होतात. एवढ्यावर मी हेड ऑफिसला तोंडघशी पडू? दोन विहिरी बुडवल्यास, आता तिसरीपायी मला बुडवणार? सही कर."

"नाही करणार."

"मग मी करतो!"

"करा. पण त्याआधी दांड्याचा शेवट बघू या. सगळ्यात खालचा तुकडा कोणता, तुमच्या मते?"

साहेबांनी शेवटच्या पेटीतल्या चिखलाच्या टोकाकडे बोट केलं. तिने ते टोक उचलून सगळीकडून फिरवलं. गुळगुळीत. मग पहिल्या पेटीतला पहिलाच तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, आणि तिला हसूच फुटलं. दगडाच्या अंगावर गोलाकार ओरखडे होते. खोल, सारख्या अंतरावर, जणू कुणीतरी कडकडून चावलंय!

"कप्तान, नळीच्या आत ती पोलादी दात्यांची कडी असते ना, दांडा पकडून ठेवणारी? कुठे असते ती?"

"तळाला की, ताई. वर बसवली तर दांडा खाली निसटेल, तो काय माझा सासरा झेलणार?"

"मग तळाच्या कडीने या पहिल्या नंबरच्या तुकड्याला कसं चावलं?"

सगळ्यांना एकदमच उमगलं होतं. नळी उभी टांगून खालून उघडतात, त्यामुळे पहिल्यांदा बाहेर पडतो तो तळाचा तुकडा. फोनवर बोलता बोलता साहेबांनी त्यालाच एक नंबर देऊन टाकला होता. म्हणजे झाकण वर होतं. तेलकट वाळू त्याच्या खाली. आणि नळी थांबली होती ती त्या वाळूतच!

साहेबांनी तुकडा हातात घेतला. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. खुणा होत्या तिथेच होत्या.

"एक पाइप," ते शेवटी म्हणाले. "एका पाइपच्या लांबीइतकंच अजून खोल जायचं. त्यात काही मिळालं नाही, तर..."

"तर घड्या घालीन," दगडखाऊ म्हणाली. "इस्त्रीच्या!"

मनोरा पुन्हा घरघरायला लागला. आता तळाचा चुरा चिखलपाण्याबरोबर वर यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसाचं काय काय होतं ते विचारू नका. तिने नखं खाल्ली, नखं संपल्यावर खिशातला एक कपचा चावला. कट्ट! दाताचा कोपरा गेला. तेवढ्यात कप्तानाने चाळणीतला चुरा ताटलीत आणून दिला.

तिने तो धुतला, तेलाचा अंश असला की तो चमकवून दाखवणाऱ्या जांभळ्या दिव्याच्या काळ्या पेटीत ठेवला आणि फटीला डोळा लावला. आत पिवळंधमक चांदणं सांडलं होतं.

"बघा," ती बाजूला होत म्हणाली.

साहेबांनी बघितलं. बराच वेळ त्यांनी डोळा काढलाच नाही. मग घसा खाकरला. "हेड ऑफिसला मी सांगतो. पेट्यांचं मात्र रिपोर्टात नको. आपसात ठेवू."

"नाही साहेब. उद्या दुसरं कुणी हा दांडा बघेल, त्याला आधीचा फोटो आणि आताच्या पेट्या जुळायच्या नाहीत. मी लिहिणार. तुमचं नाव नाही घालणार, पण पेट्या उलट्या होत्या हे लिहिणारच."

"हट्टी आहेस."

"दगड चावून वाढलेय."

बाहेर जाताना साहेबांनी खिशातला जाड मार्कर काढून टेबलावर ठेवला.

दगडखाऊने तो उचलला आणि शेवटच्या पेटीवरचा आकडा खोडून त्या जागी ठसठशीत एक लिहिला. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

"आवाज असा का येतोय तुझा? फुसफुस करतेयस. काही चावलंस का?"

"चावलं, आई. कोपरा उडाला."

"बाई गं! परत? आता घरी ये, तुझं तोंडच शिवून टाकते!"

"येते," पुढची पेटी ओढून घेत ती म्हणाली, "पण लगेच नाही. खूप काम पडलंय इथे."