पंपावरचा बोर्ड

झाडं लावणाऱ्यांचा मला राग येतो. मी त्यांच्यातलाच एक आहे, तरी येतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या काठी आम्ही करंज, वाळुंज, जांभूळ लावली तेव्हा पाणी पार मुळाशी होतं आणि फोटोला ही गर्दी. मे महिन्यात पाणी खाली सरकलं आणि माणसं कधीचीच पांगली होती. उरलो तिघं: मी, माझी बायको आशा आणि बँकेतला शेखर. रोपांची पानं कडेनं करपायला लागली होती. आठवडाभरात पाणी मिळालं नसतं तर सगळी जळाली असती.

खाली, उघड्या पडलेल्या गाळात विमलाबाईंची काकडी हिरवीगार होती. दर उन्हाळ्याला पाणी हटलं की त्या तिथं गाळपेर करतात. त्यांची सासूही करायची. पंप त्यांचा, पाइप त्यांचे. आम्ही पाणी मागितलं.

"नाय देणार. वाळू द्या ती झाडं."

शेखरनं ऑक्सिजन, पुढची पिढी वगैरे सुरू केलं. बाईंनी काकडी तोडायचं थांबवलंसुद्धा नाही.

"सायेब, ऑक्सिजन मलाबी लागतो. पण तुमचा तो बोर्ड वाचा की."

शेखरनं हौसेनं लावलेला पत्र्याचा बोर्ड. संरक्षित क्षेत्र, आत येण्यास मनाई. खाली आमची नावं, शेखरचं सगळ्यात मोठं.

"आज बोर्ड, उद्या तारेचं कुंपण. मंग मी खाली उतरू कुठून? माझ्या वाटंवरच करंज लावलाय तुम्ही."

डोकं सणकलं माझं. बाईंवर नाही, आमच्यावर. त्यांच्या घरच्या बाया पिढ्यानपिढ्या राबतात तिथं आम्ही रविवारचे पाहुणे मनाई लिहितो. कुणी सांगितलं होतं? मी ओझरला फिटर आहे, पाना गाडीतच असतो. नट सोडवायला घेतले.

"अरे, वनखात्याचे लोक येणारेत बघायला," शेखर कळवळला.

"त्यांना झाडं दाखवा ना, भाऊजी," आशा म्हणाली. "जगली तर."

बोर्ड खांद्यावर घेऊन मी खाली उतरलो आणि बाईंसमोर ठेवला. "मावशी, हा घ्या. वाटेवरचा करंज पावसात हलवतो. कुंपण होणार नाही, कुणी घालायला आलं तर मी आडवा पडतो."

त्यांनी पत्रा उलटासुलटा करून बोटानं वाजवला. "जाड हाय. पंप लय तापतो माझा." मग शेखरकडं पाहून, "बघत काय ऱ्हायले सायेब, पाइप धरा वरती न्यायला."

संध्याकाळी पहिल्या करंजाच्या आळ्यात पाणी शिरलं. माती आवाज करत पीत होती. शेखरची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, तरी पाइप कुणाला देईना. शेवटच्या जांभळापर्यंत पाणी पोचल्यावर आम्ही खाली बसून मीठ लावून काकड्या खाल्ल्या. इतकी गार काकडी शहरात मिळत नाही.

पंपावर बोर्डाचं छप्पर झालं होतं, अक्षरं आतल्या बाजूला.

"मावशी, निदान नावं तरी वर ठेवायची," शेखर म्हणाला.

"वर ठेवली आसती तर उन्हानं उडाली आसती," विमलाबाई म्हणाल्या. "सावलीत हायेत. खा काकडी."