खालच्या मजल्यावरचा ठेका

मी एक जुना काहोन आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण मला खोकाच समजतो, आणि मी आहेही खोकाच. चार बाजूंना जाड लाकूड, पुढे पातळ फळी, पाठीला एक गोल भोक आणि पोटात दोन तारा. माझ्यावर बसायचं आणि हात खाली सोडून पुढच्या फळीवर थापा मारायच्या, एवढंच माझं शास्त्र. आता मला कोणी वाजवत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई मदतीसाठी हाक मारत होती. ती हाक आमच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकली, पण समजली ती फक्त मला. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म पेरू देशातल्या लिमा शहरात झाला. तिथले जुने लोक सांगत, की मालकांनी गुलामांचे ढोल हिसकावून घेतले, तेव्हा गुलामांनी मालाचे खोके वाजवायला सुरुवात केली. आमचं घराणं तिथून सुरू होतं. ज्या सुताराने मला घडवलं तो पुढची फळी कानाला लावून तिच्यावर टिचकी मारायचा आणि आवाज पसंत पडला नाही तर फळी फेकून द्यायचा. माझी फळी त्याने ठेवली. या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

मला विकत घेणाऱ्या तरुणाचे आजोबा जपानमधून पोटासाठी पेरूला गेले होते. नातू उलट्या वाटेने पोटासाठीच जपानला आला आणि येताना मला घेऊन आला. सुरुवातीला रविवारी चार मित्र जमायचे, गायचे, रडायचे आणि मला बडवायचे. मग कारखान्यात रात्रपाळ्या सुरू झाल्या, लग्न झालं, मुलगी झाली. मला दाराशी नेऊन ठेवलं. माझ्यावर बसून लोक बूट घालू लागले. वर्षानुवर्षं मी बूट घालायचं स्टूल होतो, आणि तोंड असून मुका होतो.

त्या मुलीचं नाव लुसिया. शाळेत ती आपण घरी स्पॅनिश बोलतो हे लपवायची, आईने दिलेल्या डब्याचं झाकणही अर्धंच उघडायची. पण काळाने कूस बदलली. स्पॅनिश गाणी एकदम जगभर वाजू लागली. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, भाताचे गोळे घ्यायला गेलं तरी तीच, स्टेशनाबाहेर नाचणाऱ्या पोरांच्या फोनवरही तीच. पोर्तो रिकोचा कोणी कोरियाच्या कोणाबरोबर गातो, कोलंबियाची कोणी जपानी बँडबरोबर. ज्यांनी लुसियाच्या डब्याकडे पाहून नाकं मुरडली होती, त्याच मुली आता वहीत स्पॅनिश शब्दांचे उच्चार उतरवून घेऊ लागल्या. आणि एके दिवशी लुसियाने माझ्यावरचे बूट खाली ढकलले आणि माझी धूळ पुसली.

तिचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपत, म्हणून तिच्या घरी मला वाजवणं शक्य नव्हतं. तिने मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि तोक्योजवळच्या आमच्या ग्योतोकु वस्तीतच राहणाऱ्या केतकी नावाच्या मैत्रिणीच्या घरी नेलं. केतकीचे बाबा शिरीष पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले, आई वृंदा घर सांभाळणारी. घर तिसऱ्या मजल्यावर. केतकी दोन वर्षांची असल्यापासून इथेच वाढलेली. तिला काही विचारलं तर अर्धं उत्तर जपानीत यायचं.

मला पाहून शिरीष म्हणाला, "हे काय आणलंस? आता मोठा कचरा टाकायचा म्हटलं तर त्याला वेगळं स्टिकर लागतं, माहितीये ना?"

"बाबा, कचरा नाही हो. इन्स्ट्रुमेंट आहे. आम्ही कोलॅब करतोय."

कोलॅबची हकिगत अशी. कोलंबियाची एक गायिका चिबा शहराजवळच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम करणार होती. तिच्या लोकांनी जाहीर केलं होतं, की इथल्या मुलांनी आपापल्या भाषेत चार ओळी आणि ठेका करून पाठवावा. जो आवडेल तो तिच्या गाण्यात घेतला जाईल. लुसिया स्पॅनिशमध्ये गाणार होती, केतकी मराठीत, आणि ठेका माझा.

केतकीचा हात कच्चा होता. वृंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. शेवटी न राहवून ती ओढणीला हात पुसत बाहेर आली. "सरक. किती वेळ ते डबडं बडवल्यासारखं चाललंय!" ती माझ्यावर बसली. लग्नाआधी ती सात-आठ वर्षं तबला शिकली होती आणि लग्नानंतर तबल्याला हात लावायची वेळ आली नव्हती. तिने बोटं टेकवली मात्र, माझ्या पोटातल्या तारा शहारल्या. माझ्या सुतारालाही ठाऊक नव्हते असे आवाज तिने माझ्यातून काढले. दोन्ही मुली तोंडाचा आ करून पाहत राहिल्या. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो होता.

त्याच दुपारी मला खालून पहिल्यांदा ठोका आला.

खाली नागाई-सान, म्हणजे नागाईबाई, एकट्या राहत. म्हाताऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या, लिफ्टमध्ये भेटल्या की मान लववणाऱ्या. त्यांच्या टपालपेटीवर नुसतं 'नागाई' लिहिलेलं होतं. आमचं वाजणं सुरू झालं की त्या भिंतीतल्या खांबाशी येऊन बसत आणि काठीने खांबावर ताल धरत. लाकडाचं टोक होतं काठीला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल तिथून तो ठोका यायचा आणि खांबातून चढून माझ्या पायांत शिरायचा. समेवर नेमका. एकदाही चुकला नाही. गाणारी-वाजवणारी माणसं तीन नव्हती, चार होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

गाणं थांबलं की नागाई-सान आणखी दोन ठोके द्यायच्या. पुन्हा वाजवा, असा त्यांचा आग्रह असायचा. पण गाणं थांबल्यावरच्या शांततेत तेवढे दोनच वृंदाच्या कानावर पडायचे.

"ऐकलंस?" ती केतकीला म्हणायची. "वैतागल्यात खालच्या. पुरे आता."

मुलींनी फोन जमिनीवर ठेवून गाणं एकदाचं भरलं आणि पाठवून दिलं. त्यानंतर एका सकाळी घरात कोणी नसताना वृंदा एकटीच माझ्यावर येऊन बसली. हलक्या हाताने तिने ठेका धरला. खालून लगेच साथ आली. माणूस किती एकटं असलं की इतक्या तत्परतेने साथ देतं! पण वृंदाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग ती हळूच उठून स्वयंपाकघरात गेली.

आणि नेमका त्याच संध्याकाळी शिरीष तोंड पाडून घरी आला. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीने त्याच्या ऑफिसला फोन केला होता, तिसऱ्या मजल्यावरून वाद्याचा आवाज येतो म्हणून. तक्रार कोणी केली हे इथे कधीच सांगत नाहीत. आमच्याच मजल्यावर एका जोडप्याला नुकतं बाळ झालं होतं. त्यांची झोपमोड होत असेल, तर त्यात त्यांची काही चूक नाही. पण आमच्या घरात न्याय आधीच झाला होता.

"त्या खालच्या म्हातारीनेच केली असणार," शिरीष म्हणाला. "घर ऑफिसच्या नावावर आहे, वृंदा. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. ऑफिसातले सुझुकी-सान मला सगळ्यांसमोर बाजूला घेऊन सांगत होते. इतकं ओशाळल्यासारखं झालं ना!"

मला गोधडीत गुंडाळून कपाटात उभं केलं गेलं. वृंदाने मिठाईचा चांगला डबा आणला. केतकीकडून जपानीत माफीची चिठ्ठी लिहून घेतली. कागदी पिशवीत दोन्ही घालून ती खाली गेली. खरं तर बेल वाजवायची, तोंडाने दोन शब्द बोलायचे, की सगळा उलगडा झाला असता. पण तिला तोंड दाखवायची लाज वाटली. आधीच आपला त्रास, त्यात आणखी त्यांना दारापर्यंत चालायला कशाला लावा, असा विचार करून तिने पिशवी दाराच्या मुठीला अडकवली आणि पाय न वाजवता वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून ठोके सुरू झाले.

मित्रांनो, ते ठोके खुर्चीच्या उंचीवरून येत नव्हते. अगदी खालून, जमिनीलगत येत होते. त्यांत ताल नव्हता. तीन-चार ठोके, मग थांबणं, मग पुन्हा. नागाई-सान पडल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं आणि हाताशी फक्त काठी होती. त्यांनी त्याच खांबावर ठोठावलं, कारण वर माणसं आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ती माणसं वाजवणारी आहेत, ऐकणारी असतील, असं त्यांना वाटलं असणार.

"आता तर आपण वाजवतही नाही!" वृंदा रडकुंडीला आली. "आता कशाचा राग?"

"चालण्याचा आवाज जात असेल," शिरीष म्हणाला. त्याने घरभर जाड सतरंज्या टाकल्या. सगळे मोज्यांवर चालू लागले. मिक्सर बंद झाला, फोडणीसुद्धा दबकत दिली जाऊ लागली. मी गोधडीत घुसमटत होतो. माझ्या पोटातल्या तारा प्रत्येक ठोक्याला थरथरत होत्या. एकदा, फक्त एकदा कोणी कपाट उघडून माझ्यावर हात ठेवला असता तरी त्याला कळलं असतं, की हा राग नाही. कोणी उघडलं नाही.

जिन्याने जाताना वृंदाला ती पिशवी दारावर तशीच लटकलेली दिसली. वर येऊन ती म्हणाली, "खाऊसुद्धा घेतला नाही त्यांनी."

"म्हणजे माफी नामंजूर," शिरीष म्हणाला.

केतकी म्हणाली, "आई, मी जाऊन विचारू का?"

"नको गं बाई. आणखी चिडतील. आपण इथे परके आहोत, आपण गप्प राहावं."

ठोके विरळ होत गेले. मग हलके झाले. मग काठी नुसती खांबावरून घासल्यासारखी वाजली. नंतर काहीच आलं नाही. वृंदाने सुस्कारा सोडला. "झाल्या बाई शांत एकदाच्या," असं ती म्हणाली. हे शब्द मी विसरू शकत नाही. तीही विसरू शकलेली नाही.

म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला जेवणाचे डबे पोचवणाऱ्या माणसाने दारावरची पिशवी पाहिली. बेल वाजवून उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने पोलिसांना बोलावलं. तोवर फार उशीर झाला होता. एक तरुण पोलीस आमच्या दारातही आला. टोपी काढून त्याने अदबीने काही विचारलं. वृंदाला जपानी फारसं येत नसे. केतकीने मराठीत सांगितलं, "खालच्या नागाई-सान गेल्या, आई. ते विचारतायत, मागच्या काही दिवसांत खालून काही आवाज आला होता का?"

वृंदाने जमिनीकडे पाहिलं. तिला सगळं एका क्षणात कळलं. तिने भिंतीला हात लावला आणि ती खाली बसली.

शिरीष पुढे झाला. "नाही म्हण," तो हळूच म्हणाला. "केतकी, नाही म्हणून सांग."

केतकीने आधी बाबांकडे पाहिलं. मग तिने पोलिसाला जपानीत सांगितलं, की नाही, काही ऐकू आलं नाही. पोलिसाने वाकून नमस्कार केला आणि तो गेला. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

काही आठवड्यांनी त्या गायिकेच्या तोक्योतल्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल आला. लुसियाही आली होती. फोनमधली बाई उत्साहाने बोलत होती. गाणं निवडलं गेलं होतं. गायिकेला त्यातला ठेका फार आवडला होता, विशेषतः मागून येणारा तो लाकडी ठोका. मग तिने विचारलं, "काहोन वाजवणाऱ्या ताई कळल्या. पण काठीने साथ करणारे चौथे कलाकार कोण? सगळ्यांची नावं पडद्यावर द्यायची आहेत."

चौथं कोणी नव्हतं, असं लुसिया सांगू लागली. तेव्हा त्या बाईने तेवढाच भाग मोठा करून ऐकवला. माझ्या थापांच्या खाली, नेमका समेवर, खांबावरचा ठोका येत होता. टक. टक. हसत हसत वाजवल्यासारखा.

वृंदाने तोंडावर दोन्ही तळहात घट्ट दाबले. तरी तिचा आवाज बाहेर आलाच. "त्या रागावल्या नव्हत्या," ती म्हणत होती. "अहो, त्या आपल्याबरोबर वाजवत होत्या. मी ऐकत होते, शिरीष. रोज ऐकत होते. मी त्यांना मरू दिलं."

शिरीष तिच्या शेजारी येऊन बसला. या वेळी त्याने 'नाही म्हण' असं म्हटलं नाही. केतकीने डोळे पुसले आणि फोनकडे पाहून जपानीत म्हणाली, "नागाई-सान. खालच्या मजल्यावर राहायच्या."

"वा! आणि त्यांचं पूर्ण नाव?"

घरात कोणालाही ते माहीत नव्हतं.

त्याच दिवशी वृंदा केतकीला घेऊन स्टेशनाजवळच्या पोलीस चौकीत गेली आणि आम्ही ऐकलं होतं, असं सांगून आली. पोलिसाने ऐकून घेतलं, वाकून आभार मानले. शिक्षा झाली नाही. झाली असती तर तिला थोडं बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. नागाई-सानचं काही सामान कोणी नातेवाइकाने नेलं, उरलेलं मोठ्या कचऱ्यात गेलं.

कार्यक्रमाला केतकी गेली नाही. लुसिया मला एकटीच घेऊन गेली. दिवे लागले, ती गायिका आली, आणि त्या प्रचंड ध्वनिक्षेपकांतून नागाई-सानचे ठोके निघाले. हजारो माणसं त्यांच्यावर नाचली. लोक आनंदाने ओरडत होते. पडद्यावर आमची नावं आली. केतकी, लुसिया, वृंदा, आणि शेवटी 'नागाई-सान, दुसरा मजला'. लुसिया रंगमंचाच्या कडेला माझ्यावर बसली होती, पण तिचे हात मांडीवरच राहिले. त्यानंतर मला कोणी वाजवलेलं नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतो. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, माझं काय? पण तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते बघा. दार वाजवा, माफी मागायची असेल तर तोंडाने मागा. आणि आज परत येताना त्या माणसाचं पूर्ण नाव विचारून या.