नवव्या नंबरावर आसावरी

परत नववी. यादवरावांनी जाळीला अडकवलेला बॅटिंगच्या क्रमाचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि आपल्या घडीच्या खुर्चीत असे आदळले की ती करकरली. बायका-पुरुषांच्या अख्ख्या हेरॉन्स बेसबॉल टीममध्ये चेंडू ओळखून मारणारी एकच पोरगी, त्यांची आसावरी, आणि शेवटच्या मॅचलाही तिला शेपटाला लटकवलेलं. लटकवणारा कोण, तर टीमचा मॅनेजर, म्हणजे तिचाच नवरा.

दुसरा कुणी असता तर यादवरावांनी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण प्रज्ञेश पडला जावई. अमरावतीकडे जावयाला ‘तुम्ही’ म्हणतात, आणि ‘तुम्ही’ म्हणून एखाद्याला गाढव कसं म्हणायचं ते यादवरावांना आजवर कुणी शिकवलं नव्हतं. मे महिन्यात लीड्सला लेकीकडे आणि नात कस्तुरीकडे आल्यापासून दर रविवारी हेच चाललं होतं. मैदानाच्या कडेला बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा.

खेळ त्यांना नवा होता असंही नाही. सॉफ्टबॉलमध्ये त्यांची तरणी वर्षं गेली होती. विद्यापीठाच्या टीमचे ते कॅप्टन होते, आणि पुढे वीज मंडळाची नोकरी सांभाळून त्यांनी कॉलेजच्या कितीतरी टीम घडवल्या. बेसबॉल म्हणजे त्याचाच थोरला भाऊ, चेंडू लहान आणि वेगवान एवढाच काय तो फरक, असं ते कुणालाही सांगत. आसावरीच्या हातात पहिली बॅट त्यांनीच दिली होती. आणि बॅटिंगच्या क्रमाचं गणित तर शेंबड्या पोरालाही कळावं. नऊ जण ओळीने मारायला येतात, नववा झाला की परत पहिला. वरच्या नंबरावरच्यांना बॅट जास्त वेळा मिळते, नवव्याच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं.

आज उरलंसुरलं चालणार नव्हतं. आसावरीच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली होती. पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं, आणि सर्जनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की त्यानंतर चालणं होईल, पोहणं होईल, हा खेळ मात्र विसरा. म्हणजे आज खेळेल तेवढंच. आज तरी पोरीला मनासारखं मारू द्या, एवढंच त्या बापाचं मागणं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

“काय जावईबापू,” सकाळी त्यांनी एकदा खडा टाकून पाहिला होता, “आज वर नाही का घ्यायचं तिला? तिसरी, चौथी?”

“बघू ना, बाबा,” प्रज्ञेश हसून म्हणाला होता. तो नेहमी असाच हसायचा. माणसाने भांडायलासुद्धा जागा ठेवू नये म्हणजे काय.

सात इनिंगची मॅच. चार संपल्या तेव्हा हेरॉन्स एका रनाने मागे होते आणि आसावरीला तोवर एकदाच बॅट मिळाली होती. पाचवीला टीम फिल्डिंगला उतरली आणि प्रज्ञेशचा फोन वाजला. बोलता बोलता त्याने लांब उजव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आसावरीकडे पाहिलं, मग तो खुर्चीपाशी आला.

“बाबा, कस्तुरीला त्या बर्थडे पार्टीत उलट्या होतायत. तिला आणायला जावं लागेल. आसावरीला सांगू नका, नाहीतर ती मॅच सोडून निघेल.” त्याने बाकावर नजर टाकली. तिथे एकटा ओवेन होता, तीन आठवड्यांपूर्वी टीममध्ये आलेला पोस्टमन. पळायला वारा, पण बॅट अजून काठीसारखी धरायचा. “मी येईपर्यंत तुम्ही बघाल? करायचं काही नाहीये. लाईनअपला फक्त हात लावू नका. काही वाटलंच तर फोन करा.”

“निर्धास्त जा तुम्ही,” यादवराव म्हणाले.

ते उठून बाकाजवळ जाऊन उभे राहिले. चार महिने उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आज शेळ्या ताब्यात आल्या. छाती नाही म्हटलं तरी दोन इंच फुगली. हात लावू नका म्हणे. ज्याने आयुष्यभर टीम घडवल्या त्याला हे कोण सांगतंय, तर ज्याने शाळेत बुद्धिबळ खेळलं तो.

हेरॉन्सची बॅटिंग आली. पहिले दोघे बाद. मग आसावरी. तिने एक चेंडू सोडला, दुसरा सोडला, आणि तिसरा असा मारला की तो जमिनीलगत सपाट निघून दोन फिल्डरांच्या मधून गेला. यादवरावांच्या तोंडून आपोआप “शाब्बास” निघालं. पण पुढचं पाहवेना. पहिल्या बेसपर्यंत पोरगी पाय फरपटत गेली. पोहोचल्यावर वाकून दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं.

आता पुढच्याने मारलं की हिला पळावं लागणार. तीन बेस, त्या पायाने. मध्येच गुडघा सटकला तर शेवटची बॅटिंग कुठली आणि काय कुठलं. यादवरावांना फार विचार करावाच लागला नाही. सॉफ्टबॉलमध्ये त्यांनी हेच कैक वेळा केलं होतं. चांगली बॅटर आहे, पळायला अडचण आहे, तर तिला बसवा, ताज्या दमाचा पळणारा धाडा, आणि तिच्या बॅटिंगची पाळी आली की परत आत घ्या. सुरुवातीच्या नऊमधला खेळाडू तिथे एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकतो.

ते अंपायरकडे गेले. “ओवेन फॉर आसावरी.”

पांढऱ्या मिशांच्या अंपायरने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “आर यू शुअर, सर?”

“शुअर,” यादवराव ठणकावून म्हणाले. अंपायरने खिशातला कागद काढून लिहून घेतलं.

आसावरी सावकाश चालत आली. “बाबा, खरंच?”

“हो. बस, पाय वर घे जरा.”

तिने हेल्मेट काढून ठेवलं आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली. दमली असेल, असं यादवरावांना वाटलं. तेवढ्यात पुढच्या बॅटरने लांब टोला मारला, ओवेन पोस्टमन तीन बेस पालथे घालून सुरुवातीच्या ठिकाणी परत आला, एक रन मिळाला, आणि स्कोअर बरोबरीत. बाकी सगळ्यांनी यादवरावांच्या पाठीवर थापा मारल्या. बघा म्हणावं, जावईबापू. याला म्हणतात टीम चालवणं.

सहावी इनिंग कोरडी गेली. सातवीत पाहुण्यांनी एक उंच चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला, तिथे आता ओवेन होता, आणि तो त्याच्या हातात बसून खाली पडला. पाहुणे एकने पुढे. यादवरावांनी दात आवळले, पण मनातून ते घाबरले नव्हते, कारण त्यांनी मोजून ठेवलं होतं. शेवटच्या अर्ध्या इनिंगला हेरॉन्सचे दोघे बाद झाले, तिसरा मारून दुसऱ्या बेसवर पोहोचला, आणि पाळी आली नवव्या नंबराची. एक खणखणीत टोला की बरोबरी. अशीच वेळ यायला हवी होती पोरीवर.

“चल आसावरी,” ते बॅट पुढे करत म्हणाले. “ऊठ.”

ती उठली नाही. “कुठे?”

“कुठे म्हणजे? तुझी बॅटिंग आली.”

“बाबा, मी आऊट ऑफ द गेम आहे. तुम्हीच काढलंत ना.”

“काढलं ते पळण्यापुरतं. आता परत घेतो.”

आसावरीला आधी काही कळेना, आणि मग सगळं कळलं. “सॉफ्टबॉलमध्ये घेतात परत,” ती हळू म्हणाली. “बेसबॉलमध्ये नाही. इथे एकदा गेला तो गेला.”

यादवराव अंपायरकडे धावले म्हटलं तरी चालेल. इंग्रजी तोंडात अडखळलं, हातवारे झाले. अंपायरने टोपी मागे सरकवली. “सॉरी, सर. म्हणूनच मी विचारलं होतं.” त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं जाणवत होतं, आणि ते फार लागलं. तिकडे ओवेन काठीसारखी बॅट धरून निघाला होता.

यादवराव परत आले. “तुला माहीत होतं तर तू बोलली का नाहीस, माय?”

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” तिने बुटाची नाडी उगाच ओढली. “वाटलं, तुम्ही बघितलंत मला पळताना आणि ठरवलंत की हिचं संपलं. तुम्ही ठरवल्यावर मी काय बोलणार?”

“अगं, मी तर चार महिने मनात म्हणतोय की तुला वर खेळवा—”

“नववी मीच मागितली होती, बाबा. कमी वेळा पळावं लागतं. नववी असले तरच शेवटपर्यंत टिकणार होते.”

तेवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं. झोपलेल्या कस्तुरीला खांद्यावर घेऊन प्रज्ञेश लगबगीने आला. त्याने स्कोअर पाहिला, बेसवरचा माणूस पाहिला, बॅटिंगला उभा ओवेन पाहिला.

“आसावरीची बॅटिंग आहे ना आता? हा काय करतोय तिथे?”

“मीच बाहेर आले,” आसावरी चटकन म्हणाली. “गुडघा दुखायला लागला.”

यादवरावांनी गप्प बसायचं म्हटलं असतं तर वाट मोकळी होती. लेकीने ती करून दिली होती. “नाही,” ते म्हणाले. “मी काढलं तिला. परत घेता येतं असं वाटलं मला.”

पहिल्या चेंडूला ओवेनची बॅट नुसती हवेत फिरली. दुसऱ्यालाही. प्रज्ञेश हसला नाही. “बाबा, मी म्हटलं होतं ना हात लावू नका. माझा फोन चालू होता. एक फोन करायचा होता फक्त.”

“हो,” यादवराव म्हणाले. चार महिने जमवलेलं सगळं उत्तर त्या एका शब्दात संपलं.

ओवेन तिसऱ्यांदा चुकला, म्हणजे तिसराही बाद. मॅच संपली. पाहुण्यांनी आरोळी ठोकली, मग दोन्ही टीम ओळीने हात मिळवायला गेल्या. आसावरीही लंगडत गेली, हसून सगळ्यांशी बोलली, रडकुंडीला आलेल्या ओवेनच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. प्रज्ञेश कस्तुरीला गाडीत ठेवायला गेला.

मैदान रिकामं झालं तसे यादवराव एक चेंडू उचलून लेकीपुढे जाऊन उभे राहिले. “चल. मी टाकतो तुला. पाच टाकतो, दहा टाकतो. तू मार.”

आसावरीने त्यांच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि टीमच्या पिशवीत टाकला.

“नको, बाबा,” ती म्हणाली. “मला मॅचमध्ये मारायचं होतं.”